विश्लेषण : नोकरीवरून काढलेला पोऱ्या ‘रिट्झ’ कसा झाला? पंचतारांकित पाहुणचार घडवणाऱ्या सेझार रिट्झ यांची कहाणी

पॅरिस, लंडन किंवा रोममधील एखाद्या बड्या हॉटेलात राहून आलेल्या मंडळींचे अनुभव ऐकले, तर त्यात एक साम्य सापडते. भाड्याच्या आकड्यावर सुस्कारा टाकून झाला, की गाडी ठरावीक गोष्टींवर येते. बाथरूम केवढी मोठी होती, दिव्यांचा उजेड डोळ्यांना किती सुखद होता, चादरी कशा कडक इस्त्रीच्या होत्या आणि दुसऱ्याच दिवशी नाश्त्याला वेटरने न सांगता आपल्या आवडीची कॉफी कशी आणून ठेवली.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी युरोपातील भल्याभल्या हॉटेलांतही यातले फारसे काही मिळत नव्हते. न्हाणीघर मजल्यावर सामायिक असे, उजेड गॅसबत्तीचा असे आणि गरम पाण्यासाठी नोकराला हाक मारावी लागे. हे चित्र बदलणाऱ्यांत सर्वात मोठे नाव सेझार रिट्झ यांचे. भारतात अनेकांना ‘रिट्झ’ म्हटले की मारुतीची २००९ मध्ये आलेली छोटी गाडी आठवते. इंग्रजीत तर या आडनावापासून ‘रिट्झी’ असे विशेषणच तयार झाले, अर्थ झगमगीत, श्रीमंती थाटाचे. ज्याच्या नावाला हा अर्थ चिकटला, तो माणूस मात्र आल्प्समधील एका गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मला होता.

तेरावे अपत्य

स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, ऱ्होन नदीच्या वरच्या खोऱ्यात निडरवाल्ड नावाचे लहानसे गाव आहे. लाकडी घरे, थोडी गुरे, उतारावरची शेती आणि लांबलचक हिवाळा. २३ फेब्रुवारी १८५० रोजी येथे सेझार यांचा जन्म झाला. घरातले ते तेरावे आणि शेवटचे अपत्य. आज स्वित्झर्लंड म्हणजे श्रीमंती असे समीकरण असले, तरी त्या काळी या खोऱ्यातील तरुणांना पोटासाठी बाहेर पडावे लागे.

बाराव्या वर्षी सेझार यांना सियाँ येथे जेझुइट पाद्रींच्या शाळेत ठेवण्यात आले. अभ्यासात त्यांनी काही विशेष चमक दाखवली नाही. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांना ब्रिग गावातील एका हॉटेलात उमेदवारीला लावले. काम वाइन वाढण्याचे. तिथेही फार दिवस टिकले नाहीत. हॉटेलच्या धंद्याला एक खास जाण लागते, ती या मुलात मुळीच नाही आणि कधी येणारही नाही, असे सांगून मालकाने त्यांना घरी पाठवले. रिट्झ यांच्या चरित्रात हा प्रसंग न चुकता येतो, आणि का येतो हे वेगळे सांगायला नको.

यानंतर १८६७ साल उजाडले. पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते, लाखो लोक शहरात लोटत होते आणि हॉटेलांना हात कमी पडत होते. सतरा वर्षांचे रिट्झ पॅरिसला पोहोचले.

वेटर असताना ते काय शिकले?

पहिली काही वर्षे पडेल ते काम करण्यात गेली. बूट पुसणे, ओझी वाहणे, ताटे उचलणे, मग वेटर. पुढे त्यांना ‘व्वाझँ’ या त्या काळच्या नामांकित रेस्तराँमध्ये जागा मिळाली. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि शहरातले अन्न संपत आले, तेव्हा प्राणिसंग्रहालयातील हत्तींचे मांस ज्या ठिकाणी श्रीमंतांच्या ताटात पडले, ते हेच रेस्तराँ. टंचाईतही टेबलावरची पांढरी चादर कशी सांभाळायची, याचे शिक्षण यापेक्षा कठोर असू शकत नाही.

युद्धानंतर ते पॅरिसमधील ‘स्प्लेंडिड’ हॉटेलात आले. येथे गाठ पडली ती अमेरिकी धनाढ्यांशी. युरोपीय उमराव आपले नोकरचाकर सोबत घेऊन फिरत, त्यांच्या गरजा घरचीच माणसे पाहत. अमेरिकी पाहुणे तसे नव्हते. त्यांना बर्फ घातलेले पाणी हवे असे, आंघोळीची सोय हवी असे, आणि ते सगळे हॉटेलने पुरवावे अशी त्यांची अपेक्षा असे. शिवाय पैसे मोजायची तयारी होती. नवा ग्राहक कसा असणार, हे रिट्झ यांनी टेबलाजवळ उभे राहून पाहून घेतले.

१८७३ मध्ये व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी ते तिथे कामाला होते. तेथे जमलेल्या राजेरजवाड्यांमध्ये इंग्लंडचे युवराज एडवर्डही होते. हे नाव पुढे या कहाणीत वारंवार येते.

त्या काळच्या युरोपातील हॉटेलव्यवसाय ऋतूंवर चाले. हिवाळ्यात श्रीमंत मंडळी नीस, मोंटे कार्लो अशा भूमध्य सागराच्या किनाऱ्यावर आणि उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या डोंगरांत. रेल्वेमुळे हे शक्य झाले होते. हॉटेलातले कर्मचारीही पाहुण्यांच्या मागोमाग सरकत. त्यामुळे जानेवारीत नीसमध्ये ज्यांना जेवण वाढले, तीच माणसे जुलैत डोंगरावर भेटत. कोणाला खिडकीजवळचे टेबल लागते, कोणाला कोणती वाइन चालत नाही, हे लक्षात ठेवणाऱ्याला दुप्पट फायदा. रिट्झ यांची स्मरणशक्ती या बाबतीत विलक्षण होती. पुढे व्यवस्थापक झाल्यावर त्यांनी पाहुण्यांच्या आवडीनिवडी टिपून ठेवण्याची पद्धतच पाडली. आज हॉटेलचे सॉफ्टवेअर जे काम करते, ते तेव्हा वहीवर चाले.

तापलेल्या विटांचे जेवण

१८७०च्या दशकात रिट्झ रिगी पर्वताच्या माथ्यावरील हॉटेलात रेस्तराँ सांभाळत होते. दातेरी रुळांवरून डोंगर चढणारी युरोपातील पहिली रेल्वे १८७१ मध्ये याच रिगीवर सुरू झाली होती आणि पर्यटकांची गर्दी वाढली होती.

एके दिवशी कडाक्याच्या थंडीत हॉटेलची ऊब देणारी यंत्रणा बंद पडली. नेमके त्याच दिवशी चाळीसेक अमेरिकी पाहुणे जेवायला वर येणार होते. बॉयलर दुरुस्त व्हायला वेळ नव्हता. रिट्झ यांनी जेवणाचे टेबल मोठ्या थंडगार दालनातून हलवून लाल पडदे असलेल्या लहान दिवाणखान्यात मांडले. पामची झाडे ठेवलेली तांब्याची मोठी पात्रे रिकामी करून त्यात स्पिरिट ओतले आणि पेटवले. स्वयंपाकघराच्या भट्टीत विटा तापवल्या, त्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळल्या आणि प्रत्येक पाहुण्याच्या पायाखाली एकेक ठेवली. सुरुवातीला वाफाळते सूप, शेवटी टेबलाजवळ पेटवून दिलेला गोड पदार्थ. पाहुणे खूश होऊन उतरले.

यातली लाल पडद्यांची बाब सर्वात महत्त्वाची. विटांनी पाय खरोखर गरम होतात, पण लाल रंगाने खोली गरम वाटते. माणसाला प्रत्यक्षात काय मिळते आणि त्याला काय जाणवते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्हींची तजवीज करावी लागते, हे रिट्झ यांना पंचविशीतच उमगले होते.

ही हकिकत ल्युसर्नच्या ‘ग्रँड हॉटेल नॅशनल’चे मालक कर्नल फायफर यांच्या कानावर गेली. त्यांचे सरोवराकाठचे टोलेजंग हॉटेल तोट्यात होते. त्यांनी रिट्झ यांना व्यवस्थापक म्हणून बोलावले. काही वर्षांत हॉटेलचे रूपच पालटले. ब्रिगच्या त्या मालकाने हे ऐकले असेल का, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

स्वयंपाकघरातला जोडीदार

हिवाळ्यात रिट्झ मोंटे कार्लोचे ‘ग्रँड हॉटेल’ चालवत. तिथला त्यांचा मुख्य शेफ शेजारच्या हॉटेलने जास्त पगार देऊन पळवला. रिट्झ यांनी मग थेट त्या शेफच्या गुरूलाच गाठले. हे गुरू म्हणजे ऑगस्त एस्कॉफिए. साल १८८४.

ही जोडी जमली आणि पाहुणचाराचा इतिहास बदलला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. एस्कॉफिए यांनी मोठ्या स्वयंपाकघराला कारखान्यासारखी शिस्त लावली. सॉस करणारा वेगळा, मांस भाजणारा वेगळा, भाज्यांचा वेगळा. एकाच पदार्थाचे भाग एकाच वेळी वेगवेगळ्या हातांनी तयार होत आणि शेवटी ताटात एकत्र येत. त्यामुळे गरम पदार्थ गरम असतानाच टेबलावर पोहोचू लागले. ऐकायला साधे वाटते; पण शंभर टेबले भरलेली असताना ते साधणे हा निव्वळ नियोजनाचा भाग आहे. जगभरच्या मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरे आजही बहुतांश याच पद्धतीने चालतात.

१८८८ मध्ये रिट्झ यांनी मारी-लुईझ बेक यांच्याशी लग्न केले. मारी स्वतः हॉटेल चालवणाऱ्या घरातल्या होत्या. पुढे नवऱ्याच्या आयुष्याची बरीचशी माहिती जगाला मिळाली, ती त्यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून.

लंडनला बोलावणे आले

रिचर्ड डॉयली कार्ट हे लंडनचे नाट्यनिर्माते. गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीच्या संगीतिकांवर त्यांनी अमाप पैसा कमावला. त्यांचे ‘सॅव्हॉय’ थिएटर १८८१ मध्ये सुरू झाले, तेव्हा संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली ती जगातली पहिली सार्वजनिक इमारत ठरली होती. थिएटरशेजारीच त्यांनी हॉटेल बांधले. ६ ऑगस्ट १८८९ रोजी ‘सॅव्हॉय’ हॉटेल सुरू झाले. विजेचे दिवे, विजेवर चालणाऱ्या लिफ्ट आणि जवळपास ७० न्हाणीघरे. ही संख्या किती वेगळी होती, हे समजण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. लंडनच्याच ‘व्हिक्टोरिया’ हॉटेलात ५०० पाहुण्यांमागे फक्त चार न्हाणीघरे होती. सॅव्हॉयच्या बांधकाम कंत्राटदाराने इतक्या न्हाणीघरांचा आकडा ऐकून, येणारे पाहुणे उभयचर आहेत की काय, अशी शंका काढली होती म्हणतात.

इमारत अद्ययावत होती, पण चालवणारा माणूस नव्हता. सुरुवातीचे काही महिने वाईट गेले आणि डॉयली कार्ट यांनी रिट्झ यांना गळ घातली. रिट्झ आले ते आपली माणसे घेऊनच. स्वयंपाकघरात एस्कॉफिए, रेस्तराँमध्ये लुई एशनार.

लंडनमध्ये तेव्हा प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया सार्वजनिक रेस्तराँमध्ये जेवायला जात नसत. जेवण घरी किंवा दुसऱ्याच्या घरी. पुरुषांना क्लब होते, स्त्रियांना तेही नाहीत. रिट्झ यांनी हे बदलवले. संध्याकाळी खास पोशाख सक्तीचा केला, एकट्या येणाऱ्या स्त्रियांना प्रवेश नाकारला. आजच्या नजरेने हा दुसरा नियम खटकणारा आहे, आणि तो खटकलाच पाहिजे. पण त्या काळच्या लंडनमध्ये त्याच नियमामुळे उमरावांच्या बायका-मुलींना तिथे बसणे ‘चालण्यासारखे’ झाले. दिवे, फुले, वाद्यवृंद आणि भोवती ओळखीचे चेहरे. सॅव्हॉयमध्ये जेवायला जाणे हा थोड्याच काळात शहराचा शिरस्ता बनला. ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा इथेच उतरत. एस्कॉफिए यांनी त्यांच्यासाठी पीच आणि आइस्क्रीमचा जो पदार्थ केला, तो ‘पीच मेल्बा’ आजही मेन्यूवर दिसतो. युवराज एडवर्ड तर नेहमीचेच झाले होते.

या वर्षांत रिट्झ एकाच वेळी अनेक शहरांत काम करत होते. करारानुसार त्यांना वर्षातला बराच काळ बाहेर राहण्याची मुभा होती. १८९४ मध्ये रोमचे ‘ग्रँड हॉटेल’ सुरू झाले, त्यामागेही तेच. सतत प्रवास, झोप कमी आणि अंगावर कायम नीटनेटका कोट. आपले हातपाय शेतकऱ्याचे, म्हणजे बेढब मोठे आहेत, असा त्यांना न्यूनगंड होता. पावले लहान दिसावीत म्हणून ते मुद्दाम अर्ध्या मापाने लहान बूट घालत, असे सांगितले जाते. दिवसाचे चौदा-पंधरा तास उभ्याने काम करणाऱ्या माणसासाठी ही शिक्षाच.

हकालपट्टीमागे काय होते?

८ मार्च १८९८ रोजी सॅव्हॉयच्या संचालकांनी रिट्झ, एस्कॉफिए आणि एशनार या तिघांनाही कामावरून काढून टाकले. स्वयंपाकघरातील काही फ्रेंच आणि स्विस आचारी हातात सुऱ्या घेऊन अडून बसले, पोलिसांना बोलवावे लागले. वृत्तपत्रांना खमंग विषय मिळाला. कारण मात्र बाहेर आले नाही. रिट्झ यांनी सुरुवातीला अन्यायाने काढल्याचा दावा ठोकला आणि नंतर तो गुंडाळला.

खरे प्रकरण दस्तऐवजांतून बाहेर यायला १९८०चे दशक उजाडावे लागले. संचालकांनी नेमलेल्या तपासात ३,४०० पौंडांहून अधिक किमतीच्या वाइन आणि मद्याचा हिशेब लागत नव्हता. पुरवठादारांकडून एस्कॉफिए यांना कमिशन पोहोचत होते. जानेवारी १९००मध्ये त्यांनी कबुलीजबाबावर सही केली. रिट्झ आणि एशनार यांनीही भरपाई दिली. शिवाय सॅव्हॉयचा पगार घेत असतानाच रिट्झ आपल्या नव्या हॉटेलांसाठी भांडवलदार जमवत होते, हीदेखील संचालकांची तक्रार होती.

पुरवठादारांकडून कमिशन घेणे त्या काळी धंद्यात सर्रास चाले, असा बचाव अनेकदा केला जातो. तो पूर्ण पटणारा नाही. सर्रास चालत असते तर ते इतके लपवावे लागले नसते. रिट्झ यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते, की पाहुण्यांसाठी खर्च करताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. आणि मालकाचा पैसा कोणता व आपला कोणता, ही सीमारेषा बहुधा त्याच सवयीत पुसट झाली. दोन्ही बाजूंनी प्रकरण दाबले, कारण ते उघड झाले असते तर बदनामी सॅव्हॉयचीही झाली असती आणि बड्या गिऱ्हाइकांचे खासगी हिशेब न्यायालयात वाचले गेले असते.

पॅरिसमधील ते हॉटेल

हकालपट्टीनंतर तीनच महिन्यांत, १ जून १८९८ रोजी, पॅरिसच्या प्लास व्हाँदोम चौकात ‘हॉटेल रिट्झ’चे दरवाजे उघडले. अर्थातच तयारी आधीपासून सुरू होती. पैसा उभा करणाऱ्यांत लिकर बनवणारे मार्निए-लापोस्तोल होते. त्यांच्या संत्र्याच्या मद्याला ‘ग्राँ मार्निए’ हे नाव रिट्झ यांनीच सुचवले, असे म्हणतात.

जागा अठराव्या शतकातील एका हवेलीची. दर्शनी भाग मान्सार या प्रख्यात वास्तुविशारदाने आखलेला, त्यामुळे त्याला हात लावता येणार नव्हता. जे काही करायचे, ते आत. वास्तुविशारद शार्ल मेवेस यांच्यासोबत रिट्झ यांनी इथे जे केले, ते आज प्रत्येक चांगल्या हॉटेलात इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात काही शोध होता हे लक्षातही येत नाही.

आधी बाथरूमकडे पाहू. रिट्झ यांना प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम हवी होती. जुन्या दगडी हवेलीत नळ, सांडपाण्याचे पाइप आणि गरम पाणी प्रत्येक खोलीपर्यंत नेणे म्हणजे भिंतींच्या आत दुसरी इमारत बांधण्यासारखे होते. सोबत खोल्यांमध्ये वीज आणि टेलिफोन.

दुसरी बाब धुळीची. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, दोन वर्षांनी दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॉलऱ्याची साथ आली. रिट्झ यांचा हिवाळी हंगाम याच किनाऱ्यावर चाले. एका साथीने अख्खा हंगाम कसा बुडतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून पॅरिसच्या हॉटेलात भिंतींना कागद नाही, धुता येणारा रंग. लाकडी पलंगांऐवजी पितळी. जड मखमली पडद्यांऐवजी धुता येतील असे हलके कापड. वर धूळ साचणारी उंच कपाटे काढून टाकली आणि कपाटे भिंतीतच बसवली. आपल्या फ्लॅटमधल्या भिंतीतल्या वॉर्डरोबमागे असाही एक इतिहास आहे.

तिसरी गोष्ट उजेडाची, आणि यात रिट्झ यांचे खरे वेड दिसते. गॅसबत्तीच्या मऊ, हलत्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना विजेचा उघडा दिवा क्रूर वाटे. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसे. सॅव्हॉयमध्ये नटूनथटून येणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर रिट्झ यांनी ही नाराजी पाहिली असणार. पॅरिसमध्ये त्यांनी पत्नीला खुर्चीत बसवले आणि एका इलेक्ट्रिशियनला हाताशी घेऊन वेगवेगळ्या रंगांच्या रेशमी शेड तासन्‌तास लावून-काढून पाहिल्या. शेवटी जर्दाळूच्या फिकट गुलाबी छटेवर एकमत झाले. त्या रंगात कोणाचाही चेहरा ताजातवाना दिसतो. शिवाय दिवे उघडे न ठेवता पात्रांत लपवले, म्हणजे उजेड आधी छताकडे जातो आणि तिथून परावर्तित होऊन सौम्य होत खाली उतरतो. आज ज्याला आपण ‘इनडायरेक्ट लायटिंग’ म्हणतो आणि फॉल्स सीलिंगच्या कडेला एलईडी पट्टी लावून मिळवतो, ते हेच.

लॉबी मात्र त्यांनी मुद्दाम लहान ठेवली. मोठी लॉबी असली की रिकामटेकडे लोक येऊन बसतात आणि पाहुण्यांना न्याहाळतात, असे त्यांचे गणित होते. उद्घाटनाच्या दिवशी, काही तास उरले असताना, जेवणाची टेबले दोन सेंटिमीटर उंच झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. सगळी टेबले परत पाठवून पाय कापून आणवले गेले. संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा टेबले जागेवर होती. त्या रात्रीच्या गर्दीत तरुण लेखक मार्सेल प्रूस्तही होते. पुढे हे हॉटेल त्यांचे दुसरे घरच झाले.

सुमारे साडेपाच वर्षांनी, १६ डिसेंबर १९०३ रोजी, मुंबईत जमशेटजी टाटांचे ‘ताजमहाल’ हॉटेल सुरू झाले. विजेचे दिवे आणि लिफ्ट हाच तिथलाही अभिमानाचा विषय होता. मोठ्या शहराचे हॉटेल कसे असावे, याचे माप तोवर बदललेले होते.

२४ जून १९०२

१८९९ मध्ये रिट्झ यांनी लंडनमध्ये, सॅव्हॉयपासून हाकेच्या अंतरावर, ‘कार्लटन’ सुरू केले. एस्कॉफिए सोबत होतेच. सॅव्हॉयची बडी गिऱ्हाइके हळूहळू इकडे वळली. दरम्यान महाराणी व्हिक्टोरियांचे निधन झाले आणि युवराज एडवर्ड राजे झाले. राज्याभिषेक ठरला २६ जून १९०२ रोजी. राजांचा आवडता हॉटेलवाला म्हणून रिट्झ यांच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण असणार होता. कार्लटनची एकही खोली रिकामी नव्हती. जगभरातील पाहुणे, मेजवान्या, फुले, महिनोन्‌महिने चाललेली आखणी.

दोन दिवस आधी, २४ जूनला, बातमी आली. राजांना अपेंडिक्सचा त्रास झाला असून तातडीने शस्त्रक्रिया करावी लागणार, राज्याभिषेक पुढे ढकलला. रिट्झ यांनी स्वतः पाहुण्यांना हे सांगितले, रद्द होणाऱ्या मेजवान्यांची व्यवस्था लावली. त्याच दिवशी ते कोसळले.

राजा बरा झाला, ९ ऑगस्टला राज्याभिषेकही झाला. रिट्झ मात्र पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत. वय ५२. त्या एका धक्क्याने सगळे झाले असे म्हणणे सोपे आहे, पण वीस-पंचवीस वर्षे एकाच वेळी तीन-चार शहरांतील हॉटेले डोक्यात घेऊन फिरणे, हे आधीच शरीर-मन पोखरत असणार. आज याला बर्नआउट किंवा नैराश्य म्हटले जाईल आणि उपचार होतील. तेव्हा फक्त विश्रांती घ्यायला सांगत. अधूनमधून बरे वाटे, ते कामाला लागत, आणि पुन्हा खचत. स्मरणशक्ती दगा देऊ लागली. शेकडो पाहुण्यांच्या आवडी ज्यांना तोंडपाठ होत्या, त्यांच्यासाठी यापेक्षा वाईट काही नव्हते.

२४ मे १९०६ रोजी लंडनच्या पिकॅडिलीवर ‘रिट्झ’ सुरू झाले. पोलादी सांगाडा वापरून उभारलेल्या लंडनमधील सुरुवातीच्या मोठ्या इमारतींपैकी ही एक. अभियंते होते स्वेन बायलँडर. आराखडा मेवेस आणि त्यांचे सहकारी डेव्हिस यांचा. बाहेरून ती इमारत दगडी आणि पॅरिसच्या धाटणीची दिसते, आत पोलाद आहे. नाव रिट्झ यांचे, पण ते चालवण्याच्या स्थितीत ते राहिले नव्हते. थोड्याच काळात ते कामातून निवृत्त झाले. १९१० मध्ये माद्रिदचे ‘रिट्झ’ उघडले, तेव्हा त्यांचे नाव हा एक शिक्का बनला होता.

शेवटची वर्षे स्वित्झर्लंडमधील खासगी रुग्णालयांत गेली. ऑक्टोबर १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध संपायला काही दिवस उरले असताना, ल्युसर्नजवळच्या क्युसनाख्ट येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मारी यांनी धाकटा मुलगा रेनेही गमावला. रिट्झ यांची कबर आज निडरवाल्डमध्ये आहे.

आज ‘रिट्झ’ कोणाचे?

मारी यांनी नवऱ्यामागे पॅरिसचे हॉटेल सांभाळले. त्यांच्यानंतर थोरला मुलगा शार्ल याच्याकडे सूत्रे आली, ज्याची स्वतःची ख्याती हॉटेलपेक्षा गळाने मासेमारी करण्यात अधिक होती. मधल्या काळात या हॉटेलाने बरेच काही पाहिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचे अधिकारी इथे मुक्कामाला होते. फॅशन डिझायनर कोको शनेल अनेक वर्षे इथेच राहत होत्या आणि १९७१ मध्ये इथेच त्यांचे निधन झाले. ऑगस्ट १९९७ मध्ये ब्रिटनच्या राजकुमारी डायना अपघातापूर्वी निघाल्या, त्या याच हॉटेलातून. १९७९ मध्ये इजिप्तचे उद्योगपती मोहम्मद अल फायेद यांनी ते विकत घेतले होते. २०१२ पासून जवळपास चार वर्षे बंद ठेवून ते नव्याने सजवण्यात आले.

लंडनच्या ‘कार्लटन’चे दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात मोठे नुकसान झाले; त्या जागी आता न्यूझीलंड हाउस ही उंच इमारत आहे. पॅरिस, लंडन आणि माद्रिद येथील ‘रिट्झ’ हॉटेलांचे मालक आज वेगवेगळे आहेत. जगभर पसरलेली ‘रिट्झ-कार्लटन’ ही साखळी त्याहून वेगळी. हे जोडनाव अमेरिकेत परवान्यावर वापरले गेले आणि आता ते मॅरियट कंपनीच्या ताब्यात आहे. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सजवळ २०१९ मध्ये उघडलेले हॉटेल याच साखळीतले. रिट्झ कुटुंबाचा यातल्या एकाही हॉटेलाशी आता मालकीचा संबंध नाही.